हौदाच्या वहीतले गोल

कॉलेजात तिला धाकट्या बाई म्हणत. ती लागली तेव्हा प्राणिशास्त्र विभागात एक थोरल्या बाई होत्या, म्हणून ही धाकटी. थोरल्या बाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली, धाकटीच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, पण नाव काही मोठं झालं नाही. घरीही ती शेंडेफळच. छत्तिसाव्या वर्षापर्यंत माणूस सगळीकडे धाकटंच राहिलं की त्याला तशाच सवयी लागतात. दाराशी उभं राहायचं, सगळ्यांच्या शेवटी बोलायचं आणि बोलून झाल्यावर “असं मला आपलं वाटतं” म्हणून बोललेलं परत घ्यायचं.

ती तासांवर शिकवायची. तासांवरची माणसं म्हणजे भाड्याची सायकल, चालवतात सगळे, तेल कुणी घालत नाही. कायम व्हायचं तर डॉक्टरेट हवी, आणि इथल्या मार्गदर्शकांच्या रांगेत तिच्यापुढं कुणी ना कुणी घुसलेलंच असायचं. मग एक दिवस तिला कळलं की युरोपातल्या विद्यापीठांत पीएच.डी.ची जागा नोकरीसारखी निघते. जाहिरात येते, आपण अर्ज करायचा, मुलाखत होते, आणि निवडलं की चार वर्षं पगारावर संशोधन.

“शिकायला पगार?” दादा म्हणाला. “फसवणूक असेल बघ. उद्या म्हणतील, आधी पासपोर्ट आमच्याकडे जमा करा.”

फसवणूक नव्हती. नुसताच नकार होता. दोन वर्षांत तिनं सतरा अर्ज केले आणि सतरा ठिकाणांहून एकाच वळणाचं पत्र आलं: अर्ज फार आले, दर्जा फार उंच होता, आम्ही दिलगीर आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. घरात त्या मेलचं नावच ‘दिलगीर’ पडलं होतं. तिचा चेहरा बघून वहिनी विचारायची, “आलं का आज दिलगीर?” आणि ती मान हलवून भाजी चिरायला घ्यायची.

अठरावी जाहिरात मात्र जणू तिचा पत्ता विचारत आली होती. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, आणि अनेक वर्षांच्या रोजच्या नोंदींवरून त्यांच्या वागण्याचा अभ्यास. बाकीची कागदपत्रं तिनं चार दिवसांत जमवली. शिफारसपत्रं दोन लागत होती. एक थोरल्या बाईंनी थरथरत्या हातानं टाइप करून पाठवलं. दुसरं विभागप्रमुखांचं.

विभागप्रमुखांना पोरं ‘लिहून-आण सर’ म्हणत. दाखला हवा, लिहून आण. शिफारस हवी, लिहून आण. वाईट नव्हता माणूस. सही करताना हात आखडत नसे, फक्त वाचत नसे.

“पत्र ना? लिहून आण,” ते म्हणाले. “आणि तिकडच्यांची ती लिंक माझ्या मेलवर येईल, ती तूच उघड. पासवर्ड तुला ठाऊकच आहे.”

“सर, माझ्याबद्दल मीच...”

“अगं, तुझ्याइतकं तुला कोण ओळखतं?”

शुक्रवारी दुपारी अर्जाची मुदत संपत होती. शुक्रवारी सकाळी पावणेसातला ती प्रयोगशाळेत येऊन संगणकासमोर बसली. एरवी तिचा पहिला तास नऊचा. त्याआधी तिनं कधी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. तिनं लिहिलं, ‘ती मेहनती आहे.’ वाचून तिचेच कान गरम झाले. पुसलं. ‘ती हुशार आहे.’ पुसलं. लहानपणी तिनं पहिला नंबर आल्याचं पाहुण्यांना सांगितलं, तेव्हा आईनं स्वयंपाकघरात नेऊन चिमटा काढला होता: आपली टिमकी आपण वाजवू नये. तीस वर्षांनी तो चिमटा अजून दंडावर होता.

खिडकीबाहेर मामा हौदाकाठी उभे होते.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. सगळ्यांचे मामा. विशीच्या आत झाडू मारायला आले, मग काचेची भांडी धुऊ लागले, मग बेडूक कुठल्या बरणीत आणि विंचू कुठल्या, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येईना. बावीस वर्षांपूर्वी एका सरांनी त्यांना हौदाशी नेलं होतं. हौदाच्या आतल्या भिंतीवर, काठापासून खाली हातभर, रंगानं चौकोन आखला आणि म्हणाले, “रोज सात वाजता पाण्याचं तापमान घ्यायचं आणि या चौकोनातल्या गोगलगायी मोजायच्या. मी येईपर्यंत लिहीत जा.” ते सर बदलून गेले ते गेलेच. पण “आता थांब” असं मामांना कुणी म्हणालं नाही. म्हणून मामा लिहीत होते. जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठींवर, शिसपेन्सिलीनं. एकही दिवस रिकामा नाही. धाकटीनं त्या वह्या अनेकदा चाळल्या होत्या, ‘यातून काहीतरी होईल’ असं दोनचारदा म्हटलंही होतं, आणि नेहमीप्रमाणे तेवढ्यावरच राहिलं होतं.

आत्ता ती बघत राहिली. मामांनी तापमापी पाण्यात धरली. ओठ हलत होते, शंभरपर्यंत मोजायचे ते, पारा बसावा म्हणून. मग गोगलगायी मोजल्या. पेन्सिल कानामागून काढली, आकडा लिहिला.

आणि धाकटीची बोटं चालायला लागली. ‘रोज सकाळी सात वाजता हौदाकाठी. सुट्टी नाही, आजारपण नाही. तापमापी पाण्यात धरून शंभर आकडे मोजायचे, घाई करायची नाही. लिहिलेल्यात खाडाखोड नाही. हे करायला आता कुणी सांगत नाही, आणि करून कुणी शाबासकी देत नाही.’ दुसऱ्याबद्दल लिहिताना शब्द कसे पाण्यासारखे वाहतात! अर्धं पान झालं तेव्हा साडेआठ वाजले होते. मग तिनं एवढंच केलं. मामांच्या जागी स्वतःला ठेवलं. बावीस वर्षांच्या जागी अकरा, कारण ती येऊन अकराच वर्षं झाली होती. तेवढा हिशेब तिनं प्रामाणिकपणे केला.

सरांनी मेजावर कागद पाहिला, न वाचता सही केली, “छान लिहिलंयस” म्हणाले.

दोन आठवड्यांनी मेल आलं आणि त्यात ‘दिलगीर’ हा शब्द कुठंच नव्हता. तिकडच्या प्राध्यापिकेनं लिहिलं होतं की शिफारसपत्रातलं ते हौदाचं वाक्य मी माझ्या सहकाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वह्यांच्या पानांचे फोटो पाठवाल का? आणि मुलाखतीत तो हौद बघायला मिळेल का?

वहिनीनं तिच्या हातातली भाजी काढून घेतली. “राहू दे. आता तू चिरायची नाहीस.”

मामांकडे गेल्या अकरा वर्षांच्या वह्या मागताना ती म्हणाली, “मामा, तिकडच्या मॅडमना बघायच्या आहेत.” खोटं नव्हतं ते. मामांनी एक ओला फडका घेऊन प्रत्येक वहीचा पुठ्ठा पुसून दिला.

मुलाखत दुपारची होती. लॅपटॉप प्रयोगशाळेत, आणि हौद दाखवायला तिचा मोबाइल मामांच्या हातात. मामा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

“बाई, मला काही बोलावं लागेल का?”

“नाही मामा. नुसतं धरून उभं राहायचं. हलवायचं नाही.”

“हात हलत नाही माझा. तापमापी धरून तयार झालाय.”

पडद्यावर जाड चष्म्याच्या, पिकल्या केसांच्या बाई आल्या आणि बाजूला दोघे जण. चांगलं चाललं होतं. गोगलगायींवर तिला खरंच बोलता येत होतं. बोलता बोलता ‘असं मला आपलं वाटतं’ हे शेपूटही गळून पडलं. मग ती लॅपटॉप उचलून हौदाशी गेली. मामांनी मोबाइल असा धरला, जणू देवघरातला दिवा. पाणी, चौकोन, भिंतीला चिकटलेल्या गोगलगायी, सगळं तिकडं दिसलं. तिकडच्या बाई हरखल्या.

“कॅमेरा कोणी धरलाय?” त्यांनी विचारलं. “फारच स्थिर हात आहे.”

“असिस्टंट,” ती म्हणाली.

तेवढा एक शब्द मामांना समजला. त्यांनी मोबाइल आपल्याकडे वळवला आणि हसून नमस्कार केला. नोकरीच्या कागदावर त्यांना आयुष्यभर शिपाई लिहिलं होतं. आज बाईंनी परदेशी माणसांसमोर असिस्टंट म्हटलं, या आनंदात त्यांचा तो स्थिर हात पहिल्यांदा हलला. धाकटीला हौदातच उडी टाकावीशी वाटली.

मग चष्मेवाल्या बाईंनी वहीचं एक पान पडद्यावर आणलं. “काही आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल आहे. सगळ्या वह्यांत मिळून तीनशेच्या वर निघाले. हे कशासाठी करता?”

करता. तिनं ते गोल पाहिले होते. कधी विचारले मात्र नव्हते. शेजारी हातभर अंतरावर उत्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभं होतं, आणि ते विचारण्याची सोय तिनं स्वतःच बुजवून टाकली होती. तिची नजर वर गेली.

“ढग,” ती म्हणाली आणि आभाळाकडे हात केला. “ढगाळ दिवस.”

“सुंदर,” तिकडच्या बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मुलाखत संपल्यावर मामा मोबाइल रुमालानं पुसत म्हणाले, “झ्याक झालं ना बाई? चष्मेवाल्या मॅडम हसत होत्या. आणि त्या गोलांचं विचारलं ना त्यांनी? बोट ठेवलं होतं बघा. वर हात कशाला केलात तुम्ही?”

“असंच. ते गोल कसले हो मामा?”

“ते होय!” मामा जरा लाजले. “ते मी मोजलेले नाहीत. परीक्षेची ड्युटी, कधी ताप, कधी गावाला जाणं. त्या दिवशी आमची ही येऊन मोजते. आकडा मीच उतरवतो, पण गोल करतो. आपल्या डोळ्यांनी बघितलं नाही ते आपलं म्हणून कसं लिहायचं? सर आल्यावर विचारतील तर सांगता यायला पाहिजे.”

लॅपटॉप पोटाशी धरून धाकटी प्रसाधनगृहात गेली आणि कडी लावून उभी राहिली. नळाखाली हात धरले. हात स्वच्छच होते.

आज कळवू, उद्या कळवू, असे नऊ दिवस गेले. मेल उघडायची, ‘एक छोटी दुरुस्ती’ असं लिहायची आणि छोटी कशी म्हणायची यावर अडकायची. ढगांचं सांगायचं तर मग गोल कुणी केले ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर वह्या कुणाच्या, ते आलंच. एका धाग्याला हात लावला की अख्खा सदरा उसवणार. शिवाय मनातला दुसरा आवाज म्हणायचा, तीनशे गोलांनी काय मोठं बिघडतंय? तिकडं त्यांना कुठं पत्ता लागणार आहे?

प्रयोगशाळेत ती मामांसमोर जाईना. मामा मात्र बरण्या पुसता पुसता दारातून डोकं घालून विचारायचे, “आलं का काही, बाई?” तिच्या घरच्यांइतकाच त्यांनाही घोर लागला होता.

दहाव्या दिवशी आलं. सकाळच्या चहाला ती, दादा आणि वहिनी बसले होते. तिनं वाचलं, आणि वहिनीनं तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, “दिलगीर?”

“नाही. निवडलं त्यांनी.”

दादा उठला, बसला, परत उठला. मग शेजारच्यांच्या दारात जाऊन वर्तमानपत्र परत द्यायच्या निमित्तानं त्यानं सांगून टाकलं, आणि दहा मिनिटांत गल्लीत कुणाला सांगायचं राहिलं नाही. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “सतरा दिलगीर पचवून बसली होती माझी बाई,” ती म्हणाली.

आणि धाकटी मेलचा खालचा भाग वाचत होती. तिकडच्या बाईंनी आकडे मांडून एक आलेख जोडला होता. गोल असलेल्या दिवशी गोगलगायी सरासरीनं तिसऱ्या हिश्श्यानं जास्त! इतका स्पष्ट फरक मी आजवर पाहिला नाही, त्यांनी लिहिलं होतं. ढग आणि गोगलगायी, हाच आपण तुमच्या प्रबंधाचा विषय करू. हा शोध तुमचा आहे.

चार वर्षं. एका न आलेल्या ढगावर तिला चार वर्षं काढायची होती.

दुसऱ्या दिवशी सातला ती हौदाशी गेली. आदल्या दिवशी तिनं मामांना निरोप दिला होता, मामींनाही आणा. मामी एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. बारीक अंगाच्या, बोलायला कडक. कामावर जायच्या पिशवीसकट त्या आल्या होत्या.

“अभिनंदन बाई,” मामा म्हणाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून त्यांना कळलं होतं. “पण इतक्या सकाळी आम्हा दोघांना?”

“मामा, आधी मोजा ना. दोघंही. वेगवेगळं.”

मामा काठाशी उभे राहिले, मान पुढं केली, ओठ हलवले. “चौदा.”

मग मामींनी पिशवी ठेवली, पदर खोचला, आणि काठावर चक्क आडव्या झाल्या. गाल जवळजवळ पाण्याला लागला. हौदाच्या काठाचा दगड भिंतीच्या पुढं चार बोटं आलेला होता. त्याच्या वळचणीला, चौकोनाच्या अगदी वरच्या पट्टीत, सावलीत बसलेल्या गोगलगायी उभ्या माणसाला दिसत नव्हत्याच.

“एकोणीस,” मामी उठत म्हणाल्या.

मामांनी एकदा हौदाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं.

“तू नेहमी असं मोजतेस?”

“मग कसं मोजायचं? चौकोन वरपासून आहे की.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तुम्ही विचारलंत कधी? गुडघ्यांमुळं तुम्ही वाकत नाही हे मला दिसत होतं. पण म्हटलं साहेबांनी तसंच उभ्यानं मोजायला सांगितलं असेल. शाळा शिकलेली माणसं तुम्ही.”

मामा काठावर बसले. बसताना गुडघा धरला. “बावीस वर्षं,” ते म्हणाले. “बावीस वर्षं मी कमी मोजतोय.” मग तिच्याकडं बघून, घाबरून, “बाई, तुम्ही ते सगळं तिकडं पाठवलं ना? माझ्यामुळं तुमचं जाईल का हो काही? मी सांगतो त्यांना, मी लिहून देतो, चूक माझी आहे. बाईंची नाही.”

ती मामांसमोर जमिनीवरच बसली.

“मामा, चूक माझी आहे,” ती म्हणाली. आणि सांगितलं. पत्र, सात वाजता, शंभर आकडे, अकरा वर्षं, सगळं. ढगांचंही सांगितलं. शेवटी ‘असं मला आपलं वाटतं’ म्हणायला जागाच नव्हती.

मामींनी पिशवी उचलून खांद्याला लावली. “म्हणजे यांचं काम तुमच्या नावावर.”

“हो.”

“आणि माझं ढगाच्या.”

“हो, मामी.”

मामांनी पाण्याकडं बघत विचारलं, “म्हणजे त्या पत्रात मी होतो?”

“हो.”

“नाव सोडून.”

“हो.”

“मग...” मामांनी पेन्सिल कानामागं खोचली, परत काढली. “चांगलं लिहिलं होतं का?”

तिनं मोबाइल उघडला. पत्र इंग्रजीत होतं. ती एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेली, जिथं तिला ठेवलं होतं तिथं मामांना परत ठेवत. रोज सकाळी सात वाजता ते हौदाकाठी असतात. तापमापी पाण्यात धरून शंभर आकडे मोजतात, घाई करत नाहीत. लिहिलेल्यात खाडाखोड नसते. मधेच ती थांबली. मामांनी मान हलवून पुढं वाचायला लावलं. करून कुणी शाबासकी देत नाही, या वाक्याला त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

“आता वाचून काय करायचं?” मामी म्हणाल्या. “तेव्हा वाचायचं होतं. मला दुकानाला उशीर होतोय.” आणि त्या निघून गेल्या. एकदाही मागं न बघता.

मेल तिनं त्याच दिवशी दुपारी लिहिलं. आधी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की पत्र मी लिहिलं होतं हे मी कळवतेय.

“माझं नाव कशाला त्यात?” सर दचकले. “अगं, इथं सगळेच लिहून आणतात. मीही माझ्या सरांना लिहूनच नेलं होतं. पुढच्या पोरांची पत्रं मग कोण घेणार तिकडं?”

“सर, नियम मोडला तो मी. तुम्ही सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून, असं लिहिते.”

सर थोडे सावरले. मग सवयीनं म्हणाले, “बरं, लिहून आण,” आणि स्वतःच गप्प झाले.

तिनं तिकडच्या बाईंना सगळं कळवलं. वह्या मामांच्या. गोल म्हणजे मामींची मोजणी. वळचणीच्या पट्टीचं मोजमापही दिलं. ‘छोटी दुरुस्ती’ हे शब्द लिहिले नाहीत.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. दादा दोन दिवस शेजाऱ्यांच्या दारावरून न जाता मागच्या बाजूनं जात राहिला. “एवढा हरिश्चंद्राचा अवतार घ्यायचा होता तर आधी घ्यायचा,” तो म्हणाला, “मी वर्तमानपत्र तरी परत दिलं नसतं.” संध्याकाळी वहिनीनं विळी आणि भाजी धाकटीपुढं सरकवली आणि स्वतःही शेजारी निवडायला बसली.

उत्तर आठवड्यानं आलं. त्यात तो शब्द होता. आम्ही दिलगीर आहोत, या जागेसाठी तुमचा विचार आता करता येणार नाही. आधीच्या सतरांसारखं ते छापील मात्र नव्हतं. खाली तिकडच्या बाईंनी लिहिलं होतं: बावीस वर्षं एकाच माणसानं एकाच पद्धतीनं उभ्यानं मोजलेले आकडे चुकीचे नसतात. ते उभ्यानं मोजलेले आकडे असतात, आणि तसे ते अतिशय मोलाचे आहेत. दुसऱ्या मोजणीमुळं तर काय दिसायचं राहत होतं तेही कळतं. त्या दोघांची परवानगी असेल तर त्यांच्या नावानं या नोंदी आम्हाला वापरायच्या आहेत. जो माणूस कुणी न सांगता असा गोल करतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

शेवटचं वाक्य तिनं तीनदा वाचलं. ते मामांचं कौतुक होतं. बोचायचं तिथं बरोबर बोचत होतं.

परवानगीचा कागद तिनं दोन्ही भाषांत तयार केला आणि सकाळी सातला हौदाशी घेऊन गेली. मामी आल्या होत्या. “वाचा,” त्या म्हणाल्या. “सगळं वाचा. बारीक अक्षरातलंही.” तिनं वाचलं. मामींनी दोन ठिकाणी अडवून परत वाचायला लावलं, मग सही केली, सावकाश, काज घालावं तशी. मामांनी सहीखाली नाव लिहिलं, हुद्द्याच्या जागी थांबले.

“इथं काय लिहू, बाई?”

“निरीक्षक लिहा. त्यांनी तसंच म्हटलंय.”

मामांनी शिपाई लिहिलं. मग बराच वेळ बघून त्याच्यापुढं निरीक्षकही लिहिलं.

कागद घडी घालून ती निघाली तेव्हा मामा म्हणाले, “थांबा. माझे गुडघे आज धड नाहीत, आणि हिला दुकान आहे. मोजा तुम्ही.”

तिनं ओढणी खांद्याला गाठ मारून बांधली. काठावर पालथी झाली. दगड गार होता. वळचणीखाली अंधारात आधी काहीच दिसेना. मग एक शंख, मग त्याच्याशेजारी दुसरा. मामी वरून म्हणाल्या, “घाई नको. कोपऱ्यात बघा, तिथं बारकी असतात.” पाण्याचा वास नाकात शिरत होता, आणि रोज सात वाजता हौदाकाठी आपणच असतो, हे तिनं किती सहज लिहिलं होतं ते आठवत होतं.

“सतरा,” ती उठत म्हणाली. पुढच्या बाजूला सगळं भिजलं होतं.

मामांनी वही गुडघ्यावर घेतली. सतरा लिहिलं. पेन्सिल उचलली नाही. तिच्याकडं न बघता त्यांनी आकड्याभोवती सावकाश गोल काढला आणि वही मिटून काखेत धरली.

“उद्या येताय का?” त्यांनी विचारलं.

“येते,” ती म्हणाली.